व्हिडिओ बघून वॉटरकलर करताना दर वेळी आकाशात फ्लॉवरचा गड्डा उगवतोय का?

मागच्या जूनपासून या जानेवारीपर्यंत, म्हणजे चांगले आठ महिने, मी एकच चूक करत होते आणि मला वाटत होतं की मी दर वेळी नवीन चूक करतेय. हे लिहून ठेवायचं कारण एवढंच की माझ्या ओळखीत घरी मोबाईलवर व्हिडिओ लावून पेंटिंग शिकणारे चार-पाच जण आहेत आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं शब्दाला शब्द सेम आहे, की त्याचं येतं, माझं येत नाही.

आधी नेमकं काय होतं ते सांगते. आमच्या साताऱ्याच्या गच्चीवरून अजिंक्यतारा समोर दिसतो, त्यामुळे माझं प्रत्येक चित्र म्हणजे खाली किल्ला आणि वर भलंमोठं आकाश. निळा वॉश मारते, म्हणजे भरपूर पाण्यात कालवलेल्या रंगाचा मोठा थर, मस्त बसतो, घाईघाईत फोटो पण काढून बहिणीला पाठवते. मग व्हिडिओतला माणूस म्हणतो, आता ढगांच्या पोटाला जरा ग्रे द्या. तो देतो, त्याचा ग्रे अगरबत्तीच्या धुरासारखा मऊ पसरतो. मी देते, माझा पण पसरतो, पण दहा मिनिटांनी बघावं तर कडेनं गडद दातेरी रेघ आणि मध्ये पांढरट भगदाड, फ्लॉवरचा गड्डा उभा चिरल्यावर दिसतो ना, अगदी तसं. गंमत म्हणजे इंग्रजीत पण याला कॉलीफ्लॉवरच म्हणतात, शिवाय ब्लूम आणि बॅकरन अशी पण नावं आहेत, सर्च करायचं असेल तर ही नावं वापरा. आमची कन्या नववीत आहे, ती म्हणाली आई, किल्ल्यावर भाजी कशाला लावलीस.

मग मी काय काय बदललं ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील.

पहिल्यांदा रंगांवर संशय घेतला. मुलीच्या शाळेच्या ट्यूब वापरत होते, म्हटलं स्टुडंट क्वालिटी आहे म्हणून होत असेल, आर्टिस्ट ग्रेडचा निळा मागवला. फ्लॉवर आला, फक्त जास्त महागाचा आणि जास्त झळझळीत आला. मग ब्रश. इथे थोडा फायदा झाला हे खरं, कारण मी सहा नंबरच्या ब्रशनं पाऊण कागद रंगवायला बघत होते आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं टोक सुकत होतं. बारा नंबरचा गोल किंवा इंचभर रुंदीचा चपटा घ्या, आणि रंग आधीच वाटीत भरपूर कालवून ठेवा, लागेल त्याच्या दुप्पट, कारण वॉशच्या मध्यात रंग संपला आणि परत कालवायला बसलात तर तिथे रेघ पडणारच. पण फ्लॉवर गेला नाही. मग पाणी. आमच्याकडे नळाला कासच्या तलावाचं पाणी येतं, म्हटलं त्यात काही असेल, फिल्टरचं घेऊन बघितलं, माझ्याकडे तरी काडीचा फरक दिसला नाही.

मग आमच्या कॉलनीत एक रिटायर्ड ड्रॉइंगचे सर आहेत, त्यांना दाखवलं. त्यांनी चित्राकडे बघितलंच नाही, कागद दोन बोटांत धरून वाजवला आणि म्हणाले, "हा कागद आहे की वाण्याची पुडी? तीनशे जीएसएमचा आणा." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन. ड्रॉइंग बुकचा पातळ कागद पाणी पडलं की पापडासारखा वर येतो, खड्ड्यात पाणी साचतं, उंचवटा सुकतो, आणि तिथे ठिगळं पडतात, हे सरांचं शंभर टक्के बरोबर होतं. तीनशेचा आणला, तोही कॉटनचा. २२ बाय ३० इंचाची फुल शीट, तिचे आठ तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला हात लावताना पोटात गोळा यायचा. पापड बंद झाला. फ्लॉवर चालूच.

आता खरी गोष्ट. या जानेवारीत एकदा तोच आकाशाचा व्हिडिओ चालू होता आणि कुकरच्या शिट्ट्या मोजायला मी तो पॉज करून किचनमध्ये गेले. परत आले तर स्क्रीनवर थांबलेल्या चित्रात त्या माणसाच्या टेबलावर खिडकीतल्या उन्हाचा एक चौकोन होता, त्याच्या कॉफीच्या मगाला टेकलेला. प्ले केलं, तो म्हणाला आता ग्रे, आणि उन्हाचा चौकोन मग ओलांडून पार टेबलाच्या कडेला गेलेला! मी मागं घेऊन तीनदा बघितलं. बोलण्यात खंड नाही, "आणि आता" असं सरळ वाक्य आहे, पण मध्ये ऊन वीतभर सरकलंय. पाण्याच्या बरणीतलं गढूळ पाणी पण परत स्वच्छ. म्हणजे मध्ये कितीतरी वेळ गेलाय आणि तो कापून टाकलाय. त्याला तरी काय बोलणार, रंग वाळताना कोण बघत बसणार आहे, पण आपण मात्र त्या "आणि आता"वर विश्वास ठेवून ब्रश उचलतो.

नीट बघितल्यावर अजून एक कळलं आणि हे जास्त महत्त्वाचं आहे. कापायच्या आधीच्या शेवटच्या क्षणी त्याच्या कागदावरची चकाकी गेलेली होती, कागद मॅट दिसत होता. कापल्यानंतर परत चमकत होता. मॅट झालेला कागद आपोआप कसा चमकेल? म्हणजे त्यानं आकाश पूर्ण वाळवलं, मग स्वच्छ पाणी फिरवून परत ओलं केलं, आणि मग त्या ताज्या ओल्यावर ग्रे सोडला. मी मात्र पहिल्याच वॉशवर, तो धड ओला नाही धड कोरडा नाही अशा वेळी, ग्रे टाकत होते. आणि तिसरी गोष्ट, ग्रे उचलल्यावर त्याचा हात अर्धा सेकंद फ्रेमच्या बाहेर जातो. तिथे टिश्यू आहे. तो ब्रश टिपून घेतो, आणि ते कॅमेऱ्यात येतच नाही. माझा ब्रश वाटीतून थेट कागदावर, थेंब गळत.

हे सगळं मी उत्साहानं जेवताना सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "आगं सारवल्यालं अर्धं वाळल्यावर परत वला हात फिरवला की डाग धरतंयच की, त्यात नवीन काय?" आठ महिने! घरातच होत्या!

असं का होतं हे थोडक्यात. वॉश सुकत आला की रंगाचे कण कागदावर बसायला लागलेले असतात पण पक्के झालेले नसतात. त्यात जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते जास्तीचं पाणी कमी ओल्या भागाकडे पळतं, पळताना अर्धवट बसलेले कण ढकलत नेतं आणि जिथे त्याचा जोर संपतो तिथे सगळे कण एका रेघेत टाकून देतं. चहाचा थेंब फरशीवर वाळला की कड गडद आणि मध्य फिका राहतो तो याचाच भाऊ, तिथे कडेचं पाणी आधी उडतं म्हणून मधलं पाणी कण घेऊन कडेला धावतं. या डागावर शिकागो विद्यापीठातल्या लोकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये शोधनिबंध लिहिला होता, हे मुलीनं शोधून काढलं. म्हणजे डाग पडला तर आपण अगदीच बावळट नाही.

तर उपाय. व्हिडिओतली वेळ बघायची नाही, कागदाची चकाकी बघायची. कागद डोळ्याच्या लेव्हलला आणून खिडकीच्या उजेडात तिरका बघा, वरून बघून कळत नाही. मी चार अवस्थांना चार नावं ठेवलीत. तळं, म्हणजे पाणी हलतंय, आरशासारखं दिसतंय. तकाकी, म्हणजे पाणी हलत नाही पण साटीनच्या कापडासारखी एकसारखी चमक आहे. गार, म्हणजे चमक गेली, दिसायला कोरडा, पण बोटांची मागची बाजू हलकेच टेकवली तर थंड लागतो. आणि कोरडा, म्हणजे खोलीतल्या बाकी वस्तूंइतकाच गरम. गार का लागतो, तर माठ गार लागतो त्याच कारणानं, पाणी उडतंय अजून. तळ्यात रंग सोडला तर तो वाहून जाईल, आकार राहणार नाही. तकाकीत सोडला, आणि ब्रश कागदापेक्षा कमी ओला असेल, तर धुरासारखा पसरतो. आणि तकाकी जायला लागल्यापासून कोरडा होईपर्यंतचा जो मधला काळ आहे तो म्हणजे फ्लॉवरचा हंगाम, त्यात कागदाला हातच लावायचा नाही. मी माझ्या सगळ्या वाया गेलेल्या चित्रांच्या तारखा आठवून बघितल्या, बहुतेक सगळी तिथेच मेलीत.

हात लावायचा नाही हे सांगायला सोपं आहे. ते मधले पंधरा मिनिटं आपल्याला काहीतरी सुधारावंसं वाटतंच, इथे जरा फिकं झालंय, तिथे एक ठिपका राहिलाय, असं करत एक थेंब टाकला की गेलं. मी आता वॉश झाला की ब्रश बरणीत न ठेवता सरळ धुवून, टिपून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवते. हसा खुशाल.

अजून एक युक्ती आहे, माझ्या मते सगळ्यात कामाची. त्याच कागदाची दोन बोटं रुंद पट्टी कापून चित्राच्या शेजारी ठेवा आणि त्याच वेळी, त्याच रंगानं, तेवढ्याच पाण्यानं तिच्यावर पण वॉश मारा. आता चित्राला हात न लावता पट्टीला बोट लावून बघायचं, ग्रे टाकायचा तो आधी पट्टीवर टाकायचा, मिनिटभर थांबायचं, तिथे फ्लॉवर आला तर चित्र वाचलं. पट्टीवर वॉश वाळल्यावर तो किती फिका होतो तेही कळतं, कारण वॉटरकलर ओला असताना दिसतो त्यापेक्षा एक पायरी फिकाच वाळतो.

व्हिडिओ बघायची पद्धत पण बदलली. आधी एकदा ब्रश हातात न घेता पूर्ण बघायचा, भाजी निवडत बघितला तरी चालेल. त्यात कुठे कट आहे ते हुडकायचं: सावली सरकली, बरणीतलं पाणी बदललं, बाही वर होती ती खाली आली, चकाकी एकदम गेली किंवा एकदम आली. प्रत्येक कटला वहीत "थांबा" लिहायचं. माझ्या चौदा मिनिटांच्या व्हिडिओत असे सहा थांबे निघाले. आणि जिथे फास्ट फॉरवर्ड केलेलं असतं, हात माशीसारखा फिरतो, तिथे स्पीड पाव करून बघा, बऱ्याचदा टिपण्याची हालचाल तिथे सापडते.

पण मग थांबायचं किती? याला आकडा नाही. माझी मामेबहीण दहिवडीला असते, आम्ही दोघी एकच कोर्स बघतो, कागद पण एकाच गठ्ठ्यातला अर्धा-अर्धा घेतलेला. आपला जिल्हा माहितीये ना, एका टोकाला महाबळेश्वर, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि दुसऱ्या टोकाला माण तालुका, म्हणजे दहिवडीची बाजू, जिथे पाचशेच्या आसपास पडला तरी लोक खूश होतात, आणि सातारा शहर या दोघांच्या मध्ये, पावसाळ्यात भिंतीला पण घाम येतो. जुलैत माझा वॉश अर्धा तास झाला तरी गारच, आणि तिचा फोन, की ताई माझं तर ब्रश उचलेपर्यंत वाळतंय, मऊ कड मिळतच नाही. कागद एकच, व्हिडिओ एकच, आणि दोघींच्या तक्रारी बरोबर उलट्या.

तिच्यासाठी जे लागू पडलं ते असं: कागद मागून-पुढून दोन्ही बाजूंनी ओल्या स्पंजनं भिजवायचा, पाच मिनिटं मुरू द्यायचा आणि किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चिकटवायचा. ग्रॅनाइट पाणी पीत नाही, त्यामुळे खालचं पाणी वर पुरत राहतं आणि तकाकी बराच वेळ टिकते. प्लायवूडवर हे नीट होत नाही, प्लाय स्वतःच पाणी ओढतं. ओटा रिकामा मिळणं हा वेगळा विषय, ती रात्री साडेदहानंतर बसते. आणि दुपारी दोन वाजता मे महिन्यात आकाश करू नका, साधी गोष्ट आहे, सकाळी सातला करा.

माझ्यासारख्या दमट बाजूच्यांनी काय करायचं, तर पहिल्यांदा डोक्यावरचा पंखा बंद. मला वाटायचं पंख्यानं लवकर वाळतंय तर बरंच आहे, पण तो सगळीकडे सारखा वाळवत नाही, एक कोपरा कोरडा आणि दुसऱ्यात अजून तळं, आणि मग तळ्यातलं पाणी कोरड्या कोपऱ्याकडे सरकून तुम्ही हात न लावताच फ्लॉवर तयार. बोर्ड थोडा तिरका ठेवलात, मागे एखादी वही सारून, तर खालच्या कडेला पाण्याची गोट जमते, ती टिपलेल्या ब्रशनं उचलून घ्यायची, नाहीतर रात्रीतून ती परत वर चढते आणि खालून फ्लॉवर येतो. कागद बोर्डाला चिकटवलेल्या टेपच्या कडेला साचलेलं पाणी पण असंच टिपा, बरेच जण हे विसरतात. हेअर ड्रायर वापरा, पण तकाकी पूर्ण गेल्यावरच, वीतभर लांबून आणि हलवत हलवत, चकाकी असताना मारला तर हवेनं पाणी ढकललं जातं. आणि ड्रायर बंद केल्यावर कागद निवू द्या, गरम कागदावर पुढचा वॉश टाकला तर तो ब्रशच्या मागोमाग सुकतो आणि पट्टे पडतात. मुलीला सांगितलं की इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेत ड्रायर नसणार, त्यामुळे थांबायचा वेळ धरूनच कामाची आखणी कर, आकाश टाकून ठेव आणि तोवर दुसऱ्या कोपऱ्यातलं काम उरक. ती म्हणाली आम्हाला हे सरांनी आधीच सांगितलंय. असो.

एक गोष्ट फ्लॉवरसारखी दिसते पण फ्लॉवर नाही, त्यात माझे तीन आठवडे गेले. ऑगस्टमध्ये वॉशवर बारीक बारीक गडद ठिपके उठायला लागले, कुठे कुठे टिपकागदात शाई शिरते तसा रंग आत शिरायचा, मग तो हलायचा नाही की धुऊन निघायचा नाही. थांबून, टिपून, काही उपयोग नाही. हा दोष कागदाचा. चांगल्या कागदाला जिलेटिन किंवा तसल्या कशाचं तरी पूट दिलेलं असतं, साइझिंग म्हणतात त्याला, त्यामुळे पाणी लगेच आत न शिरता वर खेळतं. कागद महिनोन्महिने दमट जागी पडला की हे साइझिंग खराब होतं. माझा गठ्ठा कपाटाच्या भिंतीकडच्या बाजूला होता आणि त्या भिंतीला ओल. ओळखायचं कसं, तर कोपऱ्यात साध्या पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब फुगून वर बसून राहिला तर कागद ठीक, लगेच पसरून कागद गडद झाला तर त्या शीटवर पेन्सिल स्केच करा, वॉश विसरा. आता मी कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आत नवीन बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून, पलंगाखाली आडवा ठेवते. पावसाळ्याआधी जास्त स्टॉक करू नका.

रंग जुळत नसेल तर तो वेगळा लफडा, थोडक्यात सांगते. मोबाईलचा रात्रीचा पिवळा मोड बंद आहे का बघा, मी दोन महिने त्याचा निळा हिरवट समजून पिवळा मिसळत होते. आणि ट्यूबवरच्या नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरात पिगमेंटचा कोड असतो तो बघा, अल्ट्रामरीनचा पीबी २९, थॅलो ब्लूचा पीबी १५. कंपनी कुठलीही असो, कोड सेम तर स्वभाव साधारण सेम.

हा कोड फ्लॉवर पुसताना पण उपयोगी पडतो, कारण फ्लॉवर आलाच तर काय, हा प्रश्न राहतोच. पहिलं म्हणजे ओला असताना काही करू नका, जेवढं घासाल तेवढा वाढतो. पूर्ण वाळू द्या, शक्यतो दुसऱ्या दिवशी बघा. मग ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवून, टिपून, त्या गडद दातेरी कडेवरून हळू फिरवा आणि लगेच टिश्यूनं दाबून उचला, चोळायचं नाही. अल्ट्रामरीन असेल तर बरंच निघून येतं. थॅलो असेल तर सोडून द्या, तो कागदाला डाग धरून बसतो. मग काय, तिथे झाड काढा, पक्ष्यांचा थवा काढा, किंवा मी केलं तसं करा, सगळं आकाश अजून एका गडद वॉशखाली घाला आणि खाली लिहा, आषाढातला अजिंक्यतारा.

आता परिस्थिती अशी की चारातलं एखादं आकाश अजून बिघडतं, पण का बिघडलं ते कळतं. प्रत्येक कागदाच्या मागे पेन्सिलनं लिहिते: महिना, वेळ, पंखा, तकाकी कधी गेली, गार कधी संपला. काल संध्याकाळी साडेपाचला, पंखा बंद, खिडकी उघडी, तकाकी नऊ मिनिटांत गेली, कोरडा व्हायला सव्वीस लागली. दहिवडीचा आकडा रात्री उशिरा आला: तकाकी चार, कोरडा अकरा.